पहिला मल्टिटूल चाकू घेताना

अवजारं मोजून चाकू घेऊ नकोस. जाडजूड चाकू खिशात टोचतो आणि लवकरच कपाटात जाऊन पडतो. ठिबकची नळी कापणं, मेन बंद करून पंपाच्या स्टार्टरचा स्क्रू आवळणं, खताच्या गोणीची शिवण उसवणं, एवढ्याला व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, मिटल्यावर ९१ मिमी लांबीचा पातळ चाकू पुरतो. त्याचं पातं लॉक होत नसतं, म्हणून टोकानं भोक पाडायला जाऊ नकोस, बोटावर मिटतं. पक्कड रोज लागत असेल तरच लेदरमन कंपनीचा पक्कडवाला मल्टिटूल घे.

आपली काळी माती सांध्यात शिरली की पातं करकरतं. कोमट साबणपाण्यात उघडझाप कर, नीट वाळव, मग तेलाचा एकच थेंब. प्लॅस्टिकच्या बाजूपट्ट्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, हव्या तर बदल; पण आधी महिनाभर तसाच वापर. संभाजीनगरहून विमानानं जाताना तो चेक-इन बॅगेतच ठेव.