घराच्या बांधकामासाठी जुना छोटा हत्ती घेताना

वाळू, सिमेंट, फरशी आणायला टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, पुरतो. पण महिन्यातून एखादीच खेप असेल, तर विकत घेऊ नका, भाड्याने बोलवा.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन कसं उचलतं, धूर कसला येतो, ते तेव्हाच कळतं. मग हौद्याखाली वाकून टॉर्च मारा. स्प्रिंगचे पाटे जिथे बसतात तिथे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला, तर कितीही स्वस्त असली तरी सोडा. इंजिन बांधून घेता येतं, वाकलेल्या चासीचं काही होत नाही.

वजनाचं मात्र मनावर घ्या. क्षमता साधारण ७५० किलो, म्हणजे सिमेंटच्या १५ गोण्या. ‘अर्धा ब्रास वाळू बसेल’ म्हणणारे भेटतील. ती दोन टनांच्या वर जाते, अजिबात ऐकू नका.

आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी असतं, तो खर्च धरा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर फिटनेस, विमा बघा, थकलेली दंडाची चलनंही तपासा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळेपर्यंत इसारही देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोरच घ्या.