कौतुक करायचं, पण नेमकं कशाचं?

पॅरालिम्पिक पाहणाऱ्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि आमची उत्तरं.

प्रश्न : पडद्यावर टी-64, एस-5 असं काहीतरी येतं. ते काय असतं? आणि पोहण्याच्या एकाच शर्यतीत एकाला दोन्ही हात नाहीत, तर दुसऱ्याचे पाय अधू आहेत. ही बरोबरी कशी?

अक्षर खेळाचं, आकडा गटाचा. अॅथलेटिक्समध्ये ‘टी’ धावण्याच्या शर्यतींना आणि उड्यांनाही लागतो, ‘एफ’ फेकींना. 11 ते 13 दृष्टिदोष, 20 बौद्धिक अक्षमता, 51 ते 54 व्हीलचेअरवरच्या शर्यती, 61 ते 64 कृत्रिम पाय लावून धावणारे. एका गटसमूहात आकडा जितका लहान, तितकी अडचण साधारणपणे मोठी. 11 म्हणजे दृष्टी जवळजवळ नाहीच.

पोहण्याचं अक्षर ‘एस’. तिथे गट आजाराच्या नावावरून ठरत नाही, त्या व्यंगामुळे पोहणं किती अडतं यावरून ठरतं. तपासणाऱ्यांची समिती स्नायूंची ताकद आणि सांध्यांची हालचाल पाहून गुण देते, मग खेळाडूला पाण्यातही पाहते. म्हणून दिसायला वेगळे असलेले दोघं शेजारच्या लेनमध्ये येतात. ब्रेस्टस्ट्रोकचा गट तर वेगळाच (एसबी), कारण त्यात पायांच्या झटक्याला जास्त वजन आहे. टोकियोत चार सुवर्णपदकं घेणारा चीनचा झेंग ताओ एस-5 मधला. दोन्ही हात नाहीत. अशा जलतरणपटूची बॅकस्ट्रोकची सुरुवात दातांत टॉवेल धरून होते आणि शेवटी भिंतीला डोकं टेकवावं लागतं. भिंत किती जवळ आली हे चुकलं तर एक तर वेग आधीच मरतो, नाहीतर डोकं आपटतं. पुढच्या वेळी फक्त शेवटचे पाच मीटर पाहा.

प्रश्न : कार्बनची ब्लेड लावली की स्प्रिंगसारखा फायदाच मिळतो, असं म्हणतात. खरं का?

अर्धंच खरं. ब्लेड, म्हणजे धावण्यासाठीचा वाकडा कृत्रिम पाय, स्वतः ताकद निर्माण करत नाही. दाबताना साठलेली ऊर्जा परत देते, तीही सगळी नाही. तिला घोटा नाही, पोटरी नाही. त्यामुळे सुरुवातीच्या ब्लॉकमधून जोरात सुटणं अवघड जातं आणि 200 मीटरच्या वळणावर तोल सांभाळावा लागतो. सरळ पट्ट्यात, वेग आल्यावर, ती कामाला येते.

लांब उडीचं गणित निराळं. जर्मनीचा मार्कस रेहम उजव्या पायाच्या ब्लेडवरूनच उडी घेतो. 2023 मध्ये त्याने 8.72 मीटरची उडी मारली. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकचं सुवर्ण 8.48 ला मिळालं. त्याच्या उडीचा अभ्यास झाला तेव्हा धाव तुलनेने हळू, पण उडी घेण्याचा क्षण अधिक फायदेशीर, असं दिसलं. दोन्हींची वजाबाकी करून निव्वळ फायदा किती, हे ठामपणे मांडता आलं नाही आणि ऑलिम्पिकचं दार त्याला उघडलं नाही. आमच्या मते हा वाद रास्त आहे. पण ‘ब्लेडमुळेच जिंकला’ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की तशीच ब्लेड लावणारे बाकीचे स्पर्धक त्याच्या आसपासही क्वचितच येतात.

खरी डोकेदुखी ब्लेडपेक्षा सॉकेटची, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कवचाची. दिवसभरात पायाची सूज कमीजास्त होते. पाय बारीक झाला की तो सॉकेटमध्ये खाली सरकतो आणि हाडाचं टोक टेकतं, म्हणून मधे पातळ मोज्यांचे थर वाढवतात. घाम आला की आतलं लायनर (मऊ आवरण) घसरतं. फेऱ्यांच्या मधल्या वेळात खेळाडू पाय काढून पुसताना दिसतात, ते याचसाठी. ब्लेडचा कडकपणाही वजनानुसार निवडतात: फार मऊ असेल तर पाय खचतो, फार कडक असेल तर ती वाकतच नाही.

प्रश्न : रिओत पॅरालिम्पिकचे चार धावपटू ऑलिम्पिक विजेत्यापेक्षा वेगात धावले, असा संदेश दरवेळी फिरतो. खरा आहे?

आकडे खरे आहेत. 2016 मध्ये टी-13 गटाच्या 1500 मीटरमध्ये अल्जीरियाच्या अब्देल्लतीफ बाकाने 3:48.29 वेळ दिली आणि पहिले चौघंही ऑलिम्पिक विजेता मॅथ्यू सेंट्रोविट्झच्या 3:50.00 च्या आत आले. पण निष्कर्ष चुकीचा. ऑलिम्पिकची ती शर्यत डावपेचांची होती: पहिली फेरी जवळपास 67 सेकंदांची, शेवटची 51 च्या आत. सगळे एकमेकांवर नजर ठेवून रेंगाळले आणि शेवटी सुसाट सुटले. याच अंतराचा विश्वविक्रम 3:26.00 आहे. बाकाची धाव उत्तमच होती, तिला अशी उसनी तुलना लागत नाही. व्हीलचेअर मॅरेथॉनचंही तसंच: मार्सेल हुगने 2021 मध्ये ती 1:17:47 मध्ये पूर्ण केली. पायी धावणाऱ्याशी त्याची तुलना म्हणजे सायकलस्वाराशी करण्यासारखी.

प्रश्न : अंध धावपटूच्या शर्यतीत सोबत धावणाऱ्याचं श्रेय किती?

बरंच, म्हणून पदक त्यालाही मिळतं. दोघांच्या हातात न ताणणाऱ्या दोरीचा छोटा तुकडा असतो. दोघं आरशातल्यासारखे धावतात: एकाचा उजवा हात पुढे तेव्हा दुसऱ्याचा डावा. पावलांची लांबी जुळली नाही तर दोरी प्रत्येक पावलाला हिसका देते आणि वेग तिथेच जातो. सोबत्याला ओढायची परवानगी नाही, आणि रेषा धावपटूने आधी ओलांडायची. म्हणजे सोबती मुळात अधिक वेगवान हवा, पण अखेरच्या पावलाला मागे राहायला हवा. ग्रीसच्या अथानासिओस गावेलासने टोकियोत टी-11 ची 100 मीटर 10.82 सेकंदांत जिंकली, यावरून सोबत्याची तयारी कळावी. प्रत्येक जोडीला दोन लेन लागतात, म्हणून अंतिम फेरीत चारच धावपटू. टी-11 मध्ये सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी सक्तीची, म्हणजे किंचित उजेड दिसणाऱ्यालाही फायदा नको.

प्रश्न : ‘बिचारा, तरीही किती जिद्दी!’ असं म्हटलं तर खेळाडूंना राग का येतो?

कारण त्यात खेळ कुठेच नसतो. इराणच्या सियामंद रहमानने रिओत बाकावर पाठीवर झोपून (बेंचप्रेस) 310 किलो उचलले. त्याला जिद्दी म्हणण्याआधी 310 म्हणा.

प्रश्न : अंधांचा फुटबॉल प्रत्यक्ष पाहायचा आहे. काही पथ्यं?

चेंडू खेळात असताना गप्प बसा. चेंडूतल्या खुळखुळ्यावर सगळा खेळ चालतो. चेंडू घेणाऱ्याच्या अंगावर जाताना बचावपटूने ‘वॉय’ असं ओरडायचं असतं, नाहीतर फाउल. गोलरक्षक डोळस असतो, आणि समोरच्या गोलमागे उभा असलेला मार्गदर्शक आपल्या खेळाडूला दिशा सांगतो. पेनल्टीच्या आधी तो दोन्ही खांबांवर टकटक करतो, गोल किती रुंद आहे ते ऐकू यावं म्हणून. गोलबॉलमध्येही (चेंडू घरंगळत फेकून गोल करायचा अंधांचा खेळ) हीच शांतता लागते. तिथला चेंडू सव्वा किलोचा, आत घंटा. एखादा मोबाइल वाजला तरी बचावाचा अंदाज चुकू शकतो. गोल झाला की मात्र हवं तेवढं ओरडा.