शिंगरू उंच झालं, हाडं अजून कोवळीच

या पंधरवड्यात द्राक्षाच्या छाटणीचे आणि कांद्याच्या करप्याचे नेहमीचे प्रश्न आलेच, पण तीन प्रश्न चक्क घोड्यांचे निघाले. खरं तर घोडा पशुसंवर्धन खात्याकडे येतो, आम्हा शेतीवाल्यांकडे नाही. पण माझे आजोबा नाशिकरोडला टांगा चालवायचे आणि शिंगरं मी घरातच वाढताना पाहिली. तालुक्याच्या पशुवैद्यकांशी बोलून घेतलं आणि मगच हे लिहायला बसलो.

निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार विचारतात : ट्रॅक्टर फिरून फिरून बागेची जमीन दबली आहे. फ्रान्समध्ये मोठाले घोडे द्राक्षबागेत वखर ओढतात, असं मोबाईलवर पाहिलं. माझ्याकडे गावठी घोडी आहे. मोठ्या जातीचा नर दाखवला तर तसं शिंगरू होईल का? व्यायच्या वेळी घोडी अडणार तर नाही?

दादा, पाहिलंत ते खरं आहे. तिकडच्या काही बागांत पर्शेरॉन आणि कोंत्वा जातीचे घोडे जमीन दबू नये म्हणूनच वापरतात. पर्शेरॉन ७०० ते १,००० किलोपर्यंत भरतो. शिंगरू जन्मतं तेव्हा साधारण आईच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याचं असतं. म्हणजे त्या घोडीचं शिंगरू ७०-८० किलोचं, आणि आपल्या सव्वातीनशे किलोच्या घोडीचं तीस-पस्तीस किलोचं.

आता नर मोठा आणि मादी लहान असली तर काय होतं? हे केंब्रिजला वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी पाहून ठेवलंय, १९३८ साली. शायर ही प्रचंड जात आणि शेटलँड हे बुटकं तट्टू, या दोघांचा त्यांनी कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केला. रक्त निम्मं-निम्मं, तरी शायर आईच्या पोटची शिंगरं शेटलँड आईच्या शिंगरांच्या जवळजवळ तिप्पट वजनाची जन्मली. लहान आईने पोटात शिंगरू लहानच ठेवलं. पुढे वाढतानाही लहान आईची शिंगरं मोठ्या आईच्या शिंगरांना गाठू शकली नाहीत. त्यामुळे घोडी अडण्याची भीती तुम्हाला वाटते तेवढी नाही, पण तुम्हाला हवा तो डोंगराएवढा घोडाही या घोडीपासून मिळायचा नाही.

आणि समजा मिळाला, तरी निफाडच्या एप्रिल-मेमध्ये त्याचं काय करणार? थंडीतला निफाडचा पारा त्याला मानवेल, पण अंगाच्या मानाने कातडी कमी, त्यामुळे उन्हात आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. शिवाय ८०० किलोच्या जनावराला रोज पंधरा-सोळा किलो वाळलेला चारा लागतो. माझं स्पष्ट मत विचाराल तर बागेत इगतपुरीकडची डांगी बैलजोडी आणा. ऊन-पाऊस दोन्ही सोसते, आणि बैल हाकणारा माणूस अजून गावात सापडतो.

येवल्याहून एक ताई लिहितात : घोडी व्याली त्याला नऊ दिवस झाले. शिंगराला कालपासून पातळ होतंय. ते आईची लीदही खातं. लग्नाची तिथी जवळ आली, मालक घोडी बग्गीला नेतो म्हणतात. शिंगरू दिवसभर घरी बांधून ठेवलं तर चालेल का?

ताई, आधी जुलाबाचं बघू. व्याल्यानंतर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास घोडी पुन्हा माजावर येते आणि नेमकी तेव्हाच बहुतेक शिंगरांना हगवण लागते. जुनी माणसं म्हणतात, माजाचं दूध बाधलं. तसं नसतं, याच दिवसांत शिंगराच्या आतड्यात नवे जिवाणू बस्तान बसवत असतात. लीद खातं तेही त्याचसाठी, आईच्या पोटातले उपयोगी जिवाणू त्याला त्यातून मिळतात. मारू नका, हाकलू नका. फक्त घोडीला जंताचं औषध दिलेलं असू द्या. शिंगरू उड्या मारतंय आणि पितंय तोवर औषध नको. मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन खोबरेल लावा, नाहीतर कातडी सोलवटते.

पण घोडीची कास तटतटलेली दिसली, दूध आपोआप ठिबकत असलं, तर शिंगराने पिणं सोडलंय असं समजा. जुलाबापेक्षा ही खूण मोठी. ताप १०२ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा शिंगरू पडून राहू लागलं तर त्याच तासाला १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. एवढ्याशा जिवातलं पाणी एका दिवसात संपतं.

घोडी व्याली तेव्हा काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. म्हणून पुढच्या खेपेसाठी सांगून ठेवतो. शिंगराने तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यावं आणि तीन तासांत घोडीचा जार (वार) पडावा. गाईचा जार सकाळपर्यंत अडकला तरी आपण थांबतो, घोडीच्या बाबतीत ते अंगाशी येतं. आणि चीक! घोडीच्या पोटात असताना आईच्या रक्तातली रोगप्रतिकारशक्ती शिंगराला मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. शिंगराच्या आतड्याची ती दारं अठरा ते चोवीस तासांत बंद होतात. त्यानंतर कितीही चीक पाजा, रक्तात जात नाही. आमच्याकडे एकदा 'पहिला चीक जड पडतो' म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने पिळून टाकला होता. ते शिंगरू महिनाही काढू शकलं नाही. त्याचं पिवळसर तोंड मला अजून आठवतं. बेंबी जंतुनाशकात बुडवून घ्यायची, कारण धनुर्वात तिथूनच शिरतो. घोडीला व्यायच्या आधी महिना-दीड महिना धनुर्वाताची लस दिली की चिकातून ते संरक्षणही शिंगराला मिळतं.

आता बग्गी. नऊ दिवसांचं शिंगरू आईपासून दिवसभर तोडू नका. पहिल्या आठवड्यात शिंगरू तासाला सहा-सात वेळाही पितं. घोडीची कास लहान, तिच्यात फार दूध साठत नाही. शिंगरू घोट-घोट पितं आणि त्यावरच रोज किलोभर वाढतं. घोडी परत आली की भुकेलं शिंगरू एकदम लुचतं आणि पोट बिघडतं. पूर्वी युरोपात शेतावरच्या घोड्या व्याल्यावर काही आठवड्यांनी कामाला जुंपत, पण शिंगरू दुपारी बांधावर आणून पाजत. मालकांना म्हणावं, ही तिथी दुसऱ्याच्या घोडीला जाऊ द्या. दीड-दोन महिन्यांनी दोन-तीन तासांचं काम चालेल.

सिन्नरहून प्रश्न : शिंगरू दहा महिन्यांचं, उंचीला जवळजवळ आईएवढं. लवकर भरावं म्हणून रोज तीन किलो मका भरडा, दोन किलो गव्हाचा कोंडा आणि थोडी गाईची कांडी (तयार पशुखाद्य) देतो. पुढच्या पायांच्या गुडघ्यांवर सूज आहे. दसऱ्याला छकड्याला जुंपायचा विचार आहे.

भाऊ, जुंपायचं नाव आत्ता काढू नका. शिंगराची उंची जन्मतःच मोठ्या घोड्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते आणि वर्षाला नव्वद टक्क्यांवर जाते. पण वजन तेव्हा साठ-पासष्ट टक्केच असतं, आणि भारी जातीची शिंगरं तर यातही मागे असतात. हाडं त्याहून मागे. हाड लांब होतं ते सांध्याजवळच्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, पट्टीतून. खालच्या घोट्याजवळची पट्टी पहिल्या वर्षातच पक्की होते, गुडघ्यावरची दोन-अडीच वर्षांनी, पाठीच्या मणक्यांची पाच वर्षं उलटल्यावर. तुम्हाला दिसते ती सूज नेमकी गुडघ्यावरच्या पट्टीची असणार. धान्य जास्त आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडला की ती पट्टी दुखावते.

दोष कोंड्याचा मोठा आहे. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. शिंगराला कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट लागतं. उलटं झालं की शरीर हाडातला चुना काढून रक्तात आणतं. पूर्वी पिठाच्या गिरणीवाल्यांच्या कोंडा खाणाऱ्या घोड्यांची थोबाडं सुजायची, ती याच कारणाने. कोंडा बंद करा. मका एकदम तोडू नका, आठवडाभरात निम्म्यावर आणा. लसूणघास सुरू करा, त्यात कॅल्शियम चांगलं असतं. बाकी पोट मारवेल गवताने आणि स्वच्छ कडब्याने भरू द्या. खनिज मिश्रणाचं प्रमाण डॉक्टर वजन पाहून सांगतील. शिंगरू दावणीला नको, रोज मोकळं फिरू द्या. नालबंदाला नाल ठोकायला नको, फक्त खूर सारखे करायला दर पाच-सहा आठवड्यांनी बोलवा. खूर एका बाजूने वाढला की सगळा भार वाकडा पडतो.

गाईची कांडी मात्र आजच बंद. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते सोसतं, पण घोड्याच्या हृदयाचा स्नायू त्याने मरतो, तोही फार थोड्या मात्रेत. पोल्ट्रीचं सांडलेलं खाद्यही त्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका. चाळीतला सडका कांदाही नको, कांद्याने घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

जुंपायचं कधी? मोरकीची, खूर उचलू देण्याची सवय आत्तापासून लावा, त्याला वजन लागत नाही. अडीच वर्षांनी नुसतं सामान चढवून चालवा. तिसऱ्या वर्षानंतर रिकामा छकडा, पूर्ण भार चौथं सरल्यावर. उद्या बाजारात दुसरं जनावर बघायला गेलात आणि विकणाऱ्याने 'चार वर्षांचं' म्हटलं तर तोंड उघडून बघा. पुढचे मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. सगळे लहान, पांढरेशुभ्र, मुळाशी बारीक दिसले तर ते तीन वर्षांचंही नाही, अंगाने कितीही दांडगं असो.

एक विचारायचं राहिलं. तो मका पावसात भिजलेला आहे का? कणसावर पांढरी-गुलाबी बुरशी धरलेला मका घोड्याचा मेंदू नासवतो. जनावर आंधळ्यासारखं भिंतीला डोकं लावून उभं राहतं आणि त्यावर औषध नाही. तसा दाणा असला तर पोतं बाजूला काढून जाळा, आणि आठ दिवसांनी सूज किती उतरली ते कळवा.