छत्रीखालचं खोड दाखव

तुझा मेसेज वाचला, फोटो पण बघितला. पांढऱ्या फुलांची छत्री, एकच फोटो, तोही वरून, आणि खाली प्रश्न की हे जंगली गाजरच ना? एवढ्यावर मी हो म्हणणार नाही. गाजराच्या कुळात जिकडे बघावं तिकडे अशा छत्र्याच, आणि त्यातच कोनियम पण येतं, सॉक्रेटिसला जे विष दिलं ते ह्याचंच असं मानतात. वरून दोन्हींत फसायला होतं. गाजराचं खोड केसाळ, कोनियमचं गुळगुळीत आणि त्यावर जांभळे डाग, आणि तुझ्या फोटोत नेमकं खोडच नाहीये!

म्हणून फुलाचा फोटो वरून काढलास की बाजूनेही काढ, मग फुलामागचा हिरवा भाग, पानाची खालची बाजू, पान खोडाला जिथे चिकटतं ती जागा, आणि हे कुठे उगवलंय ते लिहून ठेव, नंतर आठवत नाही.

मी पण तोंडावर आपटलोय. आफ्रिकेतल्या एका काटेरी खांबासारख्या झाडाचा फोटो बघून कॅक्टस म्हणून मोकळा झालो होतो. एका जाणकाराने एवढंच विचारलं, काटे उगवतात तिथे लवेची बारीक गादी दिसते का? झूम केलं तर नव्हती, काटे आपले जोडीजोडीने. यूफोर्बिया निघालं, दिसायला कॅक्टससारखं पण वेगळ्याच कुळातलं. रानातले कॅक्टस जवळजवळ सगळे अमेरिका खंडांतले, म्हणजे ठिकाण बघूनच मला शंका यायला हवी होती. (यूफोर्बियाचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस, फार वाईट.)

ॲप खुशाल वापर, मीही वापरतो, पण त्याने सांगितलेलं नाव आपण खोड-पान बघून पडताळायचं. आणि नावं बदलतात ह्याचा वैताग करू नकोस, 2005 च्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या व्हिएन्ना काँग्रेसनंतर अकेशिया (बाभळीच्या गटाचं) हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे राहिलं आणि आफ्रिकेतली बरीचशी व्हॅचेलिया नाहीतर सेनेगालिया झाली, भांडणं तर विचारू नकोस, 2011 ला मेलबर्नमध्ये परत तेच कायम झालं. जुन्या पुस्तकात वेगळं नाव दिसलं तर आधी जुनं-नवं जुळवून बघ.

तुझ्या झाडापुढे सध्या फक्त 'गाजराचं कुळ' लिही, त्यात कमीपणा नाही. खोडाचा फोटो पाठव, मग बघू. आणि मुळाचा वास गाजरासारखा येतो म्हणून चावून बघू नकोस हं.