मुले विचारतात तेव्हा : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

मुलांना ख्रिस्ती विश्वासाचे शिक्षण कसे द्यावे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रात मुलाने काहीतरी विचारले आहे आणि मोठा माणूस गडबडला आहे. या गडबडीची लाज वाटण्याचे कारण नाही. पवित्र शास्त्रातील निर्गम या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात वल्हांडणाचा, म्हणजे मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाचा, विधी ठरवून देताना मोशे लोकांना आधीच बजावतो की, तुमची मुले या विधीचा अर्थ विचारतील. आणि यहोशवा या पुस्तकाच्या ४ थ्या अध्यायात यार्देन नदीच्या पात्रातून आणलेले १२ धोंडे रचले जातात, तेही पुढे मुलांनी ‘हे धोंडे कशाचे?’ असे विचारावे म्हणून. मुले विचारणार, हे गृहीत धरूनच तेथे शिकवण्याची आखणी केलेली दिसते.

प्रश्न : आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. रोज रात्री त्याला पवित्र शास्त्र वाचून दाखवायचे ठरवून आम्ही उत्पत्तीपासून आरंभ केला. उत्पत्ती पार पडली, पण निर्गमाच्या उत्तरार्धात त्याचे, आणि खरे सांगायचे तर आमचेही, लक्ष लागेनासे झाले. चिकाटीने पुढे जावे की थांबावे?

थांबावे. निर्गमाच्या २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, पडदे आणि कड्या यांची मापे येतात, त्यानंतर लेवीय हे नियमांचे पुस्तक येते. सहा वर्षांच्या मुलाला त्यात गोडी वाटली असती, तरच मला नवल वाटले असते. पवित्र शास्त्र हा ६६ पुस्तकांचा, रोमन कॅथोलिक परंपरेत ७३ पुस्तकांचा, संग्रह आहे आणि तो पहिल्या पानापासून ओळीने वाचलाच पाहिजे असा दंडक कोणी घातलेला नाही. तूर्त मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेला येशूचा वृत्तांत, घ्या. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, अवघ्या १६ अध्यायांचे आहे आणि त्यातील प्रसंग झपाट्याने पुढे सरकतात. घराचे छप्पर उसकटून खाली सोडलेला पक्षघाती, वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला येशू, याइराची मरण पावलेली बारा वर्षांची मुलगी आणि ती उठून चालू लागल्यावर ‘हिला काही खायला द्या’ असे सांगायला न विसरणारा येशू, हे सारे पहिल्या पाच अध्यायांत आहे. एका रात्री एकच प्रसंग वाचावा, आणि मुलाने तोच पुन्हा मागितला तर तोच वाचावा.

प्रश्न : मी शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत, लहान वर्गाला शिकवते. गोष्ट रंगवली नाही तर मुले ऐकत नाहीत, आणि रंगवली तर शास्त्रात नसलेले काही त्यात शिरेल अशी भीती वाटते. मर्यादा कोठे आखावी?

गोष्ट अवश्य रंगवावी, मात्र रंग कोणता आणि मूळ चित्र कोणते हे आपल्याला ठाऊक असावे. एदेन बागेतील फळ सफरचंद होते असे उत्पत्तीत कोठेही म्हटलेले नाही. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, तीन होते असे मत्तय आपल्या शुभवर्तमानात सांगत नाही. तीन होती ती दाने, आणि ते आले ते एका घरात. नोहाने प्रत्येक जातीची एकेकच जोडी तारवात घेतली असे आपण सर्रास सांगतो, पण ७ व्या अध्यायात शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्यांचा उल्लेख आहे. या चुका लहान आहेत, हे मान्य. तरीही तेरा-चौदा वर्षांचे मूल स्वतः वाचू लागते आणि शिकवलेले तेथे सापडत नाही, तेव्हा सफरचंदाबरोबर इतर गोष्टींवरचाही त्याचा विश्वास थोडा ढिला होतो. म्हणून वर्गाला जाण्यापूर्वी मूळ उतारा दोनदा वाचावा, आठवणीवर विसंबू नये, आणि पदरचे काही घालताना ‘शास्त्रात हे लिहिलेले नाही, पण मला असे वाटते’ एवढे मोकळेपणाने म्हणावे. मुलांना हे वाक्य आवडते. लगेच ‘मला असे वाटते’ म्हणत तीही पुढे सरसावतात.

जाता जाता एक सुचवते. गोष्ट संपताच तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात परतलेल्या धाकट्याचे स्वागत झाले म्हणून रागावलेल्या थोरल्या मुलाची बाप बाहेर येऊन समजूत घालतो, परंतु तो मुलगा शेवटी आत गेला की नाही हे लूकाच्या १५ व्या अध्यायात सांगितलेलेच नाही. तेथेच थांबून वर्गाला विचारून पाहा. धाकट्या भावंडाशी नुकतेच भांडून आलेल्या मुलाचे उत्तर ऐकण्यासारखे असते.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलीने वर्गात अब्राहाम आणि इसहाक यांची गोष्ट ऐकली. घरी आल्यावर तिने वडिलांना विचारले, “बाबा, देवाने सांगितले तर तुम्ही मला माराल का?” त्यांनी ‘देव असे कधी सांगणार नाही’ म्हणून विषय बदलला. रात्री तिने पुन्हा तेच विचारले. आम्ही काय सांगायला हवे होते?

सर्वांत आधी ‘नाही’ म्हणायला हवे होते. वडिलांचे वाक्य चुकीचे नव्हते. पण देव काय सांगेल हे मुलीने विचारलेच नव्हते, बाबा काय करतील हे विचारले होते. ‘नाही, मी तुला कधीही इजा करणार नाही’ हे एक वाक्य तिला जवळ घेऊन म्हणावे आणि ते आजच म्हणावे. बाकीचे त्यानंतर.

देव अब्राहामाला आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला सांगतो, ही ती गोष्ट. आपण मोठी माणसे ती अब्राहामाच्या बाजूने ऐकतो आणि आज्ञाधारकपणाचा धडा म्हणून सांगतो. मुले मात्र ती इसहाकाच्या जागेवर उभी राहून ऐकतात, कारण त्या गोष्टीत लाकडे वाहून नेणारा मुलगा तोच आहे. विस्तव आहे, लाकडे आहेत, पण होमासाठी कोकरू कोठे आहे, असे उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायात इसहाकही विचारतो. तुमच्या मुलीचा प्रश्न त्याच जातीचा आहे, आणि तो विचारावासा वाटला म्हणजे तिने गोष्ट नीट ऐकली होती.

तिला पुढे एवढे सांगता येईल की त्या काळी आसपासचे काही लोक आपल्या देवांना मुलांचे बळी देत असत, आणि या गोष्टीत देव अब्राहामाला थांबवतो. मुलाच्या अंगावर हात टाकू नको असे स्पष्ट सांगतो. यिर्मयाच्या ७ व्या अध्यायात तर मुलांना अग्नीत जाळणाऱ्यांविषयी देव म्हणतो की, हे मी आज्ञापिले नव्हते, माझ्या मनातही आले नव्हते. हे ऐकल्यावरही ‘मग आधी सांगितलेच कशाला?’ असे ती विचारील, आणि विचारावेच. त्या प्रश्नाशी शतकानुशतके थोर थोर भाष्यकार झगडत आले आहेत. तुम्ही चुटकीसरशी उत्तर दिले तर ते बहुधा खोटे असेल. ‘मलाही हे कठीण वाटते’ असे आईने म्हटल्याने मुलीचा विश्वास डळमळत नाही.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर दहा वर्षांखालील मुलांच्या वर्गात ही गोष्ट घेऊच नये. काही अनुभवी शिक्षकांना हे पटत नाही, त्यांच्या मते पवित्र शास्त्रातील कठीण भाग मुलांपासून लपवणे अप्रामाणिकपणाचे आहे. पण लपवणे वेगळे आणि वेळ येईपर्यंत थांबणे वेगळे. गंमत अशी की जलप्रलयाच्या बाबतीत आपण नेमके उलटे वागतो: हत्ती, जिराफ आणि इंद्रधनुष्य यांची रंगीत चित्रे अगदी तान्ह्या मुलांच्या भिंतींवर लावतो, आणि त्या पाण्यात किती माणसे बुडाली हे मूल एके दिवशी आपले आपण ओळखते.

प्रश्न : आमच्या शब्बाथ शाळेत वचने पाठ करण्याच्या स्पर्धा होतात. माझा मुलगा पन्नास वचने धडाधड म्हणतो, पण अर्थ विचारला तर गप्प बसतो. अशा पाठांतराचा उपयोग काय?

पाठांतर जरूर करून घ्यावे. आवरायच्या आहेत त्या स्पर्धा. ११९ वे स्तोत्र १७६ ओव्यांचे आहे. हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांचे २२ भाग, प्रत्येक भागात आठ ओव्या आणि त्या आठही ओव्यांचा आरंभ त्याच अक्षराने, अशी त्याची बांधणी आहे, आणि तोंडपाठ करणाऱ्याला अशा बांधणीचा मोठा आधार होतो. वधस्तंभावर येशूच्या तोंडी जे शब्द आले, त्यांपैकी दोन उद्गार २२ व्या आणि ३१ व्या स्तोत्रांतील आहेत. बालपणी मुखोद्गत झालेले शब्द अत्यंत वेदनेच्या क्षणी असे वर येतात, आणि ते पाठ केले त्या दिवशी त्यांचा सगळा अर्थ उमगलेला असतोच असे नाही. म्हणून मुलगा आज गप्प बसतो याची फार चिंता करू नका.

मात्र सुटे वचन फसवेही असते. मत्तयाच्या ४ थ्या अध्यायात सैतानही स्तोत्रातील वचन तोंडपाठ म्हणून दाखवतो. त्याला स्पर्धेत बक्षीस मिळाले असते. आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांच्या हाती फिलिप्पैकरांस पत्रातील ४ थ्या अध्यायाचे १३ वे वचन दिले जाते, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो, या अर्थाचे. प्रेषित पौल ते बंदिवासातून लिहितो, आणि त्याच्या आधीच्या दोन वचनांत तो म्हणतो की भूक असो वा तृप्ती, विपुलता असो वा टंचाई, दोन्हींत राहायला मी शिकलो आहे. नापास होऊन घरी आलेल्या मुलाला ते वचन खरे तर अधिक लागू पडते, आणि नेमके तेव्हा ते कोणी त्याला म्हणून दाखवत नाही. पन्नासांऐवजी दहाच वचने घ्या, पण प्रत्येकाच्या मागच्या-पुढच्या दोन ओळींसह घ्या. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली घरच्या कर्त्या माणसाने मुलाबाळांना शिकवावे म्हणून जी लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यात प्रत्येक आज्ञेनंतर ‘याचा अर्थ काय?’ असा एकच साधा प्रश्न येतो. घरी तोच विचारत जा, आणि कधी कधी मुलाने तो तुम्हाला विचारावा.

प्रश्न : नऊ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “येशू देव आहे, तर गेथशेमाने बागेत तो प्रार्थना कोणाला करत होता? स्वतःलाच?” मी पाणी, बर्फ आणि वाफ यांचे उदाहरण देऊन त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, समजावले. योग्य केले ना?

उदाहरण फार प्रचलित आहे, पण ते सोडून द्यावे असे मी नम्रपणे सुचवते. तेच पाणी आधी बर्फ होते आणि मग वाफ, म्हणजे एकच देव आळीपाळीने तीन रूपे घेतो असे त्यातून मुलीला कळेल. तिसऱ्या शतकात सबेल्लियसच्या नावाने ओळखले गेलेले हेच मत मंडळीने नाकारले होते. त्यापेक्षा तिला यार्देनेच्या काठी घेऊन जा. मत्तयाच्या ३ ऱ्या अध्यायात पुत्र नुकताच पाण्यातून वर आला आहे, आत्मा कबुतरासारखा उतरत आहे आणि आकाशातून पित्याची वाणी येत आहे, तिन्ही एकाच वेळी. मग तिला सरळ उत्तर द्या: येशू स्वतःला नव्हे, पित्याला प्रार्थना करत होता. देव एकच कसा, हे ती पुढे विचारणारच. ३२५ साली निकैया येथे जमलेल्या बिशपांनी पुत्र आणि पिता यांच्या नात्याविषयी एकेका शब्दावरून वाद घातला होता. तुमच्या विद्यार्थिनीला तो वाद एका तासात मिटवून हवा असेल तर तिला थोडे थांबावे लागेल, असे हसून सांगायला हरकत नाही.

प्रश्न : आठ वर्षांचा आमचा मुलगा आजीसाठी रोज प्रार्थना करत होता. आजी गेली. घरातल्याच एका वडीलधाऱ्या व्यक्तीने ‘विश्वासाने मागायला हवे होते’ असे म्हटले. तेव्हापासून तो प्रार्थनेला बसत नाही.

ते वाक्य आधी मागे घ्यावे लागेल, आणि ज्यांनी उच्चारले त्यांनीच घेतले तर उत्तम. गेथशेमानेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही. पौलाने देहातील काटा, म्हणजे त्याला छळणारी एक पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही, हे दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात आहे. त्या दोघांचा विश्वास उणा होता असे कोणी म्हणत नाही. मग आठ वर्षांच्या मुलावर हे ओझे कशाला?

सांत्वनासाठी बोलली जाणारी इतर काही वाक्येही टाळावीत. ‘देवाला आजी हवी होती’ म्हटले की उद्या त्याला आई हवीशी वाटेल का, ही शंका मुलाच्या मनात येते. ‘आजी झोपली आहे’ म्हटले की मूल झोपेला भिऊ लागते. पवित्र शास्त्रात मृत्यूला झोप म्हटले आहे हे खरे; परंतु योहानाच्या ११ व्या अध्यायात लाजर झोपला आहे हे शब्द शिष्यांना उमगले नाहीत, तेव्हा येशूने स्वतः त्यांना उघडपणे सांगितले की लाजर मेला आहे. तुम्हीही आजी मरण पावली असे स्पष्ट सांगा, पुनरुत्थानाची आपली आशा सांगा, आणि ती आशा असूनही लाजराच्या कबरेकडे जाताना येशू रडला हेही सांगा. प्रार्थनेला बसण्याची सक्ती तूर्त नको. १३ वे स्तोत्र मात्र एकदा त्याच्यासमोर मोठ्याने वाचा. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असा त्याचा आरंभ आहे. देवाशी असेही बोलता येते, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नसेल.

प्रश्न : तेरा वर्षांचा मुलगा म्हणतो, मला हे काही पटत नाही, मी उपासनेला येणार नाही. आम्ही त्याला जबरदस्तीने न्यावे का?

कुटुंबाने एकत्र उपासनेला जाण्याचा घरचा नियम असेल तर तो जरूर ठेवा, तेराव्या वर्षी इतरही नियम असतातच. मात्र विश्वास असल्याचा देखावा त्याच्याकडून करवून घेऊ नका. चारचौघांत प्रार्थना म्हणायला किंवा साक्ष द्यायला त्याला उभे करू नका. येशू पुन्हा उठला हे त्याचा शिष्य थोमा याला पटले नव्हते, तरी आठ दिवसांनंतरही तो इतर शिष्यांबरोबर त्याच घरात होता. त्याला कोणी बाहेर काढले नव्हते, आणि पटल्यासारखे दाखव असेही कोणी म्हटल्याचे योहान सांगत नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र आलेली नाही: नेमके काय पटत नाही, हे मुलाने सांगितले आहे का? सांगितले नसेल तर त्याला विचारा, आणि पुढचे पत्र लिहाल तेव्हा ते त्याच्याच शब्दांत लिहा.