मसुदा नेमका कोणी वाचला?

प्रश्न : मला कामानिमित्त रोज इंग्रजीत लिहावे लागते. 'हॅविंग रेड द ड्राफ्ट केअरफुली, सेव्हरल व्हेरी सिरिअस अँड ग्रेव्ह मिस्टेक्स वेअर नोटिस्ड' हे माझे वाक्य 'मॉडिफायर चुकला आहे, शब्दही जास्त आहेत' असा शेरा मिळून परत आले. व्याकरणाचे नियम मला पाठ आहेत, तरीही चूक उमगत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : तुमचे वाक्य मनात मराठीत तयार झाले आहे आणि मराठीत ते निर्दोष आहे. 'मसुदा काळजीपूर्वक वाचताना अनेक गंभीर चुका लक्षात आल्या' असे आपण सहज लिहितो. वाचणारा कोण, हे संदर्भावरून कळते. 'घरी येताना पाऊस आला' या वाक्यात पाऊस घरी येत होता, असे कोणीही समजत नाही. इंग्रजीत मात्र वाक्याच्या आरंभी आलेल्या 'हॅविंग रेड' अशा क्रियारूपाला (शेऱ्यातला 'मॉडिफायर', म्हणजे दुसऱ्या शब्दाविषयी अधिक सांगणारा शब्द किंवा शब्दसमूह, तो हाच) स्वतःचा कर्ता नसतो आणि स्वल्पविरामानंतर जो कर्ता येईल त्यालाच ते जाऊन चिकटते. तुमच्या वाक्यात तो कर्ता 'मिस्टेक्स' हा आहे, म्हणजे मसुदा चुकांनीच वाचला, असा अर्थ होतो. वाचणाऱ्याला कर्त्याच्या जागी आणले की दोष जातो : 'रीडिंग द ड्राफ्ट केअरफुली, आय नोटिस्ड सेव्हरल सिरिअस मिस्टेक्स.'

मराठी माणसाची ही चूक विशेषतः राग, आठवण, आश्चर्य अशा भावनांविषयी लिहिताना होते, कारण 'पत्र वाचून त्याला राग आला' या वाक्यात अनुभव घेणारा 'त्याला' असा चतुर्थीत असतो आणि व्याकरणातला कर्ता 'राग' असतो. ही रचना जशीच्या तशी नेली तर पत्र वाचणारा 'राग'च ठरेल. म्हणून तेथे 'रीडिंग द लेटर, ही गॉट अँग्री' असेच लिहावे लागते. 'कन्सिडरिंग' किंवा 'जनरली स्पीकिंग' यांसारखी रूढ झालेली रूपे या नियमाला अपवाद आहेत, त्यांच्याबाबत संकोच बाळगू नये.

तुमच्या वाक्यात नसली, तरी मॉडिफायरच्या जागेची दुसरी अडचण 'ओन्ली' या शब्दाची आहे. आपल्याकडे 'च' थेट शब्दाला जोडला जातो, त्यामुळे 'तिनेच दोन पाने तपासली' आणि 'तिने दोनच पाने तपासली' यांत गोंधळ संभवत नाही. इंग्रजीत हे काम जागेवर सोपवलेले आहे : पहिल्या अर्थासाठी 'ओन्ली शी चेक्ड टू पेजेस', दुसऱ्यासाठी 'शी चेक्ड ओन्ली टू पेजेस'. 'शी ओन्ली चेक्ड टू पेजेस' असे बोलण्यात सर्रास येते आणि आवाजाच्या आघाताने अर्थही कळतो. पण कागदावर आघात दिसत नाही, आणि तिने पाने फक्त तपासली, दुरुस्त केली नाहीत, असाही अर्थ निघू शकतो. मराठीत 'च' कोणत्या शब्दाला लागला असता, हे स्वतःला विचारावे आणि इंग्रजीत 'ओन्ली' त्याच शब्दाच्या लगेच आधी ठेवावा. मला याहून खात्रीचा उपाय माहीत नाही.

शब्द जास्त असल्याचा शेराही योग्य आहे. 'सिरिअस' आणि 'ग्रेव्ह' येथे एकच गोष्ट सांगतात, आणि 'व्हेरी'ने त्यांचे वजन वाढत नाही. 'रिटर्न बॅक', 'पास्ट हिस्टरी' यांतही एक शब्द दुसऱ्याच्या पोटातच असतो. मात्र काटछाट करताना 'ऑलमोस्ट', 'प्रॉबेब्ली' यांना हात लावू नये. ते दिसायला लहान असले, तरी त्यांच्या जाण्याने विधानच बदलते आणि 'बहुधा' म्हटलेली गोष्ट निश्चित होऊन बसते.

आता तुमच्या वाक्यातील 'केअरफुली'कडे पाहा. गंभीर चुका लक्षात आल्या, यातच वाचन काळजीपूर्वक झाल्याचे येते, म्हणून मी तोही शब्द काढीन : 'रीडिंग द ड्राफ्ट, आय नोटिस्ड सेव्हरल सिरिअस मिस्टेक्स.' मूळ वाक्यात 13 शब्द होते, येथे 8 आहेत, आणि मसुदा तुम्ही वाचला हेही त्यात आले आहे.