चढावर चेन का उडते?

प्रश्न : पावसाळ्यात चिखलवाटांवर बरीच चालवलेली माझी माउंटन बाइक चढावर जोर लावताच चेन उडवते. गियरची केबल ताणूनही फरक पडत नाही. घरी दुरुस्ती होईल का?

उत्तर : बहुधा होईल, मात्र केबलच्या मागे लागण्याआधी चेन मोजावी. स्टीलची पट्टी एका पिनेच्या मध्यावर धरून चोवीस पिना पुढे मोजल्यास नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर 12 इंच भरते. ते 12 इंच आणि एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इतके झाले असेल तर चेन बदलावीच, आणि अकरा-बारा गियरच्या गाडीत अर्ध्या सुतावरच बदलावी, कारण झिजलेली चेन कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, दातही खाते. नवी चेन फक्त नेहमीच्या वापरातल्या चक्रांवर उडू लागली, तर कॅसेटही गेली असे समजावे. हा खर्च टळत नाही.

माप ठीक निघाल्यास पेडल सावकाश उलटे फिरवून मागच्या डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकांकडे पाहावे. चिखलाने आखडलेली कडी तिथे न वळता टुणकन उचलली जाते. ती दोन्ही हातांनी आडवी हलकेच वाकवून मोकळी करावी, चेन पुसून कोरडी करावी, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब तेल सोडावे आणि वरचे तेल फडक्याने टिपून घ्यावे. (लोक हेच विसरतात आणि मग धुळीला दोष देतात.)

एवढ्यानेही भागले नाही आणि मागून पाहता डिरेलर चक्रांच्या रेषेत नसेल, तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकला आहे. तो सरळ करण्याचे हत्यार घरी क्वचितच असते, तेव्हा ते काम कारागिराकडेच द्यावे.